पंच्यातला पिझ्झा

गेल्या मंगळवारपासून वेंगुर्ल्याच्या बाजारात मला नवीन नाव पडलं आहे. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, दोनदा सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तरुणपणी जत्रेतल्या दशावतारात भीमाचं काम करताना गदा खरोखरच मोडली. त्यातलं एकही नाव चिकटलं नाही. 'पंचेवाले' मात्र तीन दिवसांत चिकटलं. काल मासळीबाजारात बांगड्यांचा भाव केला, तर मासेवाली विचारते, "पिशयेत घालू काय पंच्यात?" आजूबाजूच्या चौघी हसल्या. म्हणून एकदा काय झालं ते लिहूनच टाकतो.

पेन्शनच्या एका कागदावर सही हवी होती, आणि ती मुंबईतच मिळते. सकाळी उतरायचं, सही घ्यायची, रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने परत फिरायचं, असा बेत होता. सही मिळाली नाही, पण तो वेगळा लेख आहे. निघताना बायको म्हणाली, "येताना पिझ्झा घेऊन या. खरो." जोर 'खरो'वर होता. पिझ्झा आमच्या बेकरीतही मिळतो. पावाच्या चकतीवर कोबी, सिमला मिरची, लाल सॉस आणि वर किसलेलं चीज. तो खाऊन ती दर वेळी म्हणते, त्यापेक्षा कोबीची भाजी केली असती. पण शिमग्याच्या सुमारास तिने फोनवर नेपल्सचा कोणीतरी माणूस पिठाचा गोळा हवेत फिरवताना पाहिला, आणि तेव्हापासून घरच्या घावण्यांकडे बघायची तिची नजर बदलली.

मुंबईत माझा सख्खा भाचा राहतो. दर मे महिन्यात तो बायको-मुलं आणि ऑफिसातले दोघे-तिघे घेऊन आमच्याकडे येतो. आठ दिवस. सकाळी घावणे, दुपारी सुरमई, संध्याकाळी शहाळी, मधल्या वेळेत फणस. त्यांच्यातल्या एकाला सोलकढीत लसूण चालत नाही. एकीला वास सोसत नाही, म्हणून वाळत घातलेली सुकट अंगणातून गोठ्यामागे हलवावी लागते. जाताना दोन पेट्या हापूस. माझी तक्रार नाही. म्हणजे होती, पण बायकोने करू दिली नाही. तर त्याला फोन केला, म्हटलं मी येतोय, पिझ्झा घ्यायचा आहे, चल माझ्याबरोबर, तू जाणकार. तो म्हणाला, "मामा, नेमका त्याच दिवशी माझा कॉल आहे हो. पण थांबा, तुम्हाला एक भारी यादी पाठवतो."

आणि पाठवली. मुंबईतल्या आवर्जून जाण्यासारख्या चौदा इटालियन जागा. प्रत्येकीपुढे तारे.

मला त्या मुलाचा राग नाही, यादीचा आहे. आमच्याकडे माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग चूल पेटते, मग कोणीतरी कोंबडीच्या मागे धावतं. मुंबईत माणूस आला की यादी येते. कुठे बसावं, काय मागवावं, कुठल्या खिडकीतून सूर्यास्त दिसतो, सगळं लिहिलेलं. फक्त समोरच्या खुर्चीवर कोण बसणार, तेवढं त्यात नसतं. आणि यादी पाठवणाऱ्याला मनापासून वाटतं की आपण पाहुणचार केला!

यादी मी जाताना गाडीत वाचली, नोकरीत फाइल वाचायचो तशी. पहिलंच नाव कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं 'ट्रॅटोरिया'. शब्द शोधला. इटलीत ट्रॅटोरिया म्हणजे साधीसुधी घरगुती खाणावळ. म्हणजे पंचतारांकित हॉटेलात जाऊन खाणावळीत बसायचं. तिथून हाकेच्या अंतरावर मच्छिमार नगर आहे. तिथल्या एखाद्या बाईने खरीखुरी खाणावळ काढली, तर माझा भाचा तिला किती तारे देईल? पुढे नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधलं 'वेत्रो', म्हणजे काच. खारचं 'गुस्तोसो', म्हणजे चविष्ट. बीकेसीतलं 'चिन चिन', म्हणजे पेल्याला पेला लावताना इटालियन लोक म्हणतात ते. इटालियनमध्ये सगळंच भारदस्त वाटतं. 'चविष्ट' नावाच्या हॉटेलात मी स्वतः पाऊल टाकणार नाही.

एका नावाशी मात्र थांबलो. मरीन ड्राइव्हचं 'पिझ्झा बाय द बे'. सूना महालाचा तो कोपरा. इमारत १९३७ सालची. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, त्यात तीही आली. मी ऐंशीच्या दशकात चर्चगेटला नोकरीला होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या जागेचं नाव 'टॉक ऑफ द टाउन' असंच आहे. आम्ही चार कारकून संध्याकाळी तिथल्या काचांसमोरून चालत जायचो. आत बसलेल्यांकडे बघायचं नाही, पण त्यांना आपण दिसलो पाहिजे, अशा बेताने. आत जायचं कधी सुचलंच नाही. तेव्हा कोणी यादी पाठवत नसे.

शेवटी दादर स्टेशनला सोयीची पडेल अशी एक जागा निवडली. नाव सांगत नाही. पिझ्झाशी माझं भांडण नाही.

रात्रीचे आठ. खांद्याला मोठी चौकोनी पिशवी, अंगावर दिवसभराचा घाम. दारातल्या मुलीने माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "पिक-अप मागच्या बाजूने."

मी म्हटलं, "मला पिझ्झा हवाय."

"हो, ऑर्डर नंबर सांगा, मागे देतील."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस मी. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी माझ्यावर सहा मिनिटं भाषण केलं होतं. पण तिच्या आवाजात अशी काही सरकारी ठाम छटा होती की मी मुकाट वळलो आणि मागे गेलो. तिथे बाकावर डिलिव्हरीची पाच पोरं बसली होती. एकाने सरकून जागा दिली. "बसा काका. नवीन?" दुसऱ्याने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि आपुलकीने सांगितलं, "पावसाळ्याच्या तोंडावर नका लागू, काका. गुडघे जातात." त्या दिवशी मुंबईत मला फुकट मिळालेलं तेवढंच एक पेलाभर पाणी. त्या पोराला मी माझे तारे दिले, सगळे.

मागच्या दारातून भट्टी दिसत होती, हा एक फायदा. नेपल्सवाल्यांचे नियम कडक असतात. १९८४ साली त्यांनी खऱ्या पिझ्झाच्या रक्षणासाठी संघटनाच काढली. भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेली हवी आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून बाहेर. त्यांच्या या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानही दिला. भट्टीवरच्या पोराने माझा पिझ्झा आत सारला, मी मनात आकडे मोजले, ऐंशीला बाहेर. लाल, पांढरा, हिरवा. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली तेव्हा तिच्यासाठी झेंड्याच्या रंगांचा केला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, दिसतो देखणा.

"सर, लांब न्यायचाय?"

"वेंगुर्ल्याला."

"वर्सोव्याला? बापरे. दहा मिनिटांत खा सर, नाहीतर रबर होतो."

मी बरं म्हटलं. सातशे नव्वद, वर पाच टक्के जीएसटी, वर खोक्याचे चाळीस. म्हणजे आठशे सत्तर. आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. त्यांच्या जागी इटालियन आले असते, तर माझे किती पैसे वाचले असते!

गाडी मध्यरात्रीनंतर दादरहून सुटली. खोका सीटखाली ठेवला तर कोणाची तरी ट्रंक त्यावर येणार, वर ठेवला तर उलटणार, म्हणून मांडीवर धरून बसलो. समोर पंच्याहत्तरीचा एक गृहस्थ. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि मांडीवर माझ्यासारखंच काहीतरी, पंच्यात गुंडाळलेलं. आम्ही दोघं आपापली ओझी मांडीवर घेऊन एकमेकांकडे बघत होतो, बारशाला आलेल्या बायकांसारखे.

"मास्तरानू, ह्यां काय?"

मी मास्तर नाही, असं सांगितलं.

"तां ऱ्हवांदे. पण ह्यां काय?"

"पिझ्झा."

"कोणाक?"

"बायकोला."

"बायलेक? मुंबयसून?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी आजवर फक्त डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. मग म्हणाला, "बगूया."

उघडला. त्याने वाकून, चष्मा कपाळावर घेऊन, सावकाश निरीक्षण केलं.

"घावणो."

"घावणा नाही हो. मैद्याचा असतो. आंबवलेला."

"जाडो घावणो. करपलो."

"ते डाग मुद्दाम पाडतात."

"मुद्दाम? आणि पैशे?"

"आठशे सत्तर."

ठाणं गेलं तरी तो बोलला नाही. पुढे कुठेतरी अंधारात त्याचा आवाज आला, "माझ्या बायलेन चाळीस वर्सां घावणे करपवल्यान. मी तिका गाळी घातलंय." आणि एक मोठा सुस्कारा.

मला वाटलं संपलं. पण त्याला आता विषय लागला होता. ह्याच्यावर मासे घालतात का? मी यादीच्या जोरावर सांगितलं की एक मारिनारा नावाचा असतो, खलाशांचा म्हणतात. तो सरसावला. तेच्यात खयचे माशे? म्हटलं, मासे नसतात. टोमॅटो, लसूण, तेल.

"खलाशांचो आणि माशे नाय?"

"नाही."

त्याने बराच विचार केला. "मगे बंदीतलो आसतलो."

जून-जुलैची मासेमारी बंदी नेपल्सला लागू नाही, हे मी सांगितलं नाही. अँचोव्ही म्हणून छोटी मासळी काही पिझ्झांवर घालतात आणि आपली मांदेली त्यांच्याच कुळातली, हेही गिळून टाकलं. ते बोललो असतो तर पहाटेपर्यंत मांदेलीच चालली असती. पण तेवढ्यात त्याला ते पान दिसलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"तुळस! निवेद दाखवल्यात?"

"तुळस नव्हे ती. सब्जाची जात."

"फालुद्यातलो सब्जो?"

"तोच."

"तुळशीचीच भयण मां ती?" आणि त्याने पिझ्झाला हात जोडले. शेजारच्या बाकावरचा मुलगा मोबाइल बाजूला ठेवून उठून बसला. नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवतात, या घोर सत्यापुढे माझं काहीच चालेना. एका क्षणात माझा मार्गेरिता देवाचा झाला. मी झाकण लावलं.

आणि त्याच्या मांडीवरचा पंचा वाजू लागला.

एक वाजला होता. आधी टोला, मग पेटीवर वाजवल्यासारखी एक लांबलचक धून. तो अभिमानाने पंचा सोडून दाखवायला लागला. भिंतीवरचं घड्याळ, गोल, सोनेरी काठाचं. गावच्या देवळासाठी. देवळात भजनाची डबलबारी होते, दोन बुवा समोरासमोर, आणि दर वर्षी वेळेवरून भांडण. जुन्या घड्याळावर दोन्ही पार्ट्यांचा विश्वास उडालेला. म्हणून हा दादरला जाऊन सर्वांसमक्ष वाजणारं घड्याळ घेऊन आला. सेल काढून ठेवा ना, मी म्हटलं. तर दुकानदाराने मागचं झाकण चिकटपट्टीने पक्कं केलेलं, आणि ती देवळातच फोडायची असं ठरलेलं.

"ह्याचा खोका कुठाय?"

"खोको सुनेन ठेवन घेतल्यान. म्हणता कशी, माका कपड्यांक होयो."

हे बोलताना त्याची नजर माझ्या खोक्यावर आली. आणि तिथेच राहिली.

पुढचे नऊ तास मी काय सोसलं, ते कुठल्या यादीत येणार नाही. त्याने आधी विचारलं, खोको केवड्याक? मग खोक्यावर वीत टाकली. मग घड्याळावर वीत टाकली. "दोन बोटां कमी. बसतला." मग पाच रुपये देऊ केले. माणगावला दहा. खेडला एक पाव चिवडा. दोन वाजता धून, तीन वाजता धून. वरच्या बर्थवरच्या बाई माझ्यावर ओरडल्या, "काका, बंद करा हो तो डबा!" कारण डब्यासारखं माझ्याकडेच दिसत होतं. मी म्हटलं, हा पिझ्झा आहे. त्या म्हणाल्या, "मग त्याला बंद करा." रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. त्या काळोखात सात वाजले. सात टोले आणि आख्खी धून, बोगद्याच्या भिंतींवर आपटून दुप्पट झालेली. डब्यातली लहान मुलं रडायला लागली. एक म्हातारी हात जोडून उठली आणि कुठलं देऊळ आलं विचारू लागली.

दरम्यान मुद्दा पुढे सरकत होता. घड्याळ देवाचं. पिझ्झा निवेदाचो, कारण तुळस. मग देवाच्या वस्तूला देवाच्या नैवेद्याचा खोका नाही म्हणणारा मी कोण? राजापूरला मी म्हटलं, अहो, पण पिझ्झा कशात नेऊ? तो म्हणाला, "पंचो आसा मां. धुतलेलो." वैभववाडीला म्हणाला, काच फुटली तर गावात दोन बुवांची मारामारी होईल आणि ते तुमच्या डोक्यावर येईल. आसपासच्या प्रवाशांनी माना डोलावल्या. रात्रभर माझ्यावर ओरडलेल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "द्या हो काका, खोका तो काय." खोका तो काय! चाळीस रुपये मोजले होते मी. त्यांना कोणाला त्या बाकावर बसावं लागलं नव्हतं.

कणकवली आली. दोन मिनिटांत सगळं झालं. घड्याळ खोक्यात, नेमकं बसलं, मला कबूल केलं पाहिजे. पिझ्झाची चार घडी करून पंच्यात, वर भाजीच्या गाठोड्यासारखी गाठ. गाडी हलली तेव्हा तो फलाटावरून ओरडला, "मास्तरानू, पंचो धुवन पाठवा! नवो आसा!"

"कुठे पाठवू? नाव काय तुमचं?"

"कोणाकय विचारा! घड्याळवाले म्हणान!"

कुडाळहून एसटीत बसलो. कंडक्टरने मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं, नाक जवळ नेलं. "कोंबो आसा काय? तिकीट लागतला." गाठ सोडून दाखवावी लागली. आख्ख्या एसटीने पाहिलं. त्या एसटीत आमच्या आळीतले चौघं होते. नाव तिथेच पडलं.

घरी बायकोने काही न बोलता बिडाचा तवा ठेवला, वर झाकण घातलं. सब्जाचं पान पंच्याला चिकटून राहिलं होतं, ते काढून परत मधोमध ठेवलं. दोघांनी खाल्लं. भट्टीवरच्या पोराने सांगितलेलं रबर झालं होतं खरं, पण टोमॅटोची आंबट चव तशीच होती, आणि काठ तव्यावर पुन्हा कुरकुरीत झाला. ती म्हणाली, "चव बरी आसा. घावण्यासारखी." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने शेजारीण आली. मग पलीकडची आली. दोघींना हिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"खोको खंय?"

मी झालेलं सगळं सांगितलं. शेजारणींसमोरच. बोगद्यापर्यंत आलो तेव्हा त्या हसून खाली बसल्या. बायको हसली नाही. तिने तो खोका दिवाळीपर्यंत शोकेसवर ठेवायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी भाच्याचा मेसेज आला. 'मामा, कुठे गेलात मग? तारे किती देणार? आणि हो, मेमध्ये आम्ही सात जण येतोय, पंधरा तारखेच्या आसपास.' मी टाइप करायला घेतलं की मालवणात चांगली हॉटेलं आहेत, यादी पाठवतो. चार नावं लिहूनही झाली होती. बायकोने फोन हातातून घेतला, माझी चारही नावं पुसली आणि एका बोटाने, शब्द जुळवत, बराच वेळ लिहीत बसली.

'या. येताना पिझ्झाचे रिकामे खोके घेऊन या. चार. पिझ्झा नको.'